कॉलमला गुंडाळलेले कापड

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातील एका जुन्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी बसले होते. इमारत १९९४ सालची. खाली पार्किंग, वर चार मजले, एकूण सोळा कॉलम. एका कंत्राटदाराने सर्व कॉलमना आणि झाडून सगळ्या बीमना कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे कापड, लावण्याचे दरपत्रक दिले होते आणि ते बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी समितीने मला बोलावले होते. सभेच्या शेवटी निवृत्त शिक्षक असलेले एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, कापड गुंडाळून काँक्रीटची इमारत भूकंपात उभी राहते, हे मला पटवून द्या. पटले तर माझ्या वाट्याचे पैसे मी उद्याच भरतो."

त्या संध्याकाळी मी त्यांना पंधरा मिनिटांत जमेल तेवढे सांगितले. परंतु प्रश्न इतका रास्त होता, आणि अशा इमारतींतून राहणारी कुटुंबे इतकी आहेत, की त्याचे पूर्ण उत्तर लिहून काढावे असे तेव्हापासून मनात होते.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. पुण्यामुंबईत भूकंपाची चिंता कशाला, असे अनेकांना वाटते. माझे आजोळ पाटणचे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आजी अंथरुणातून मुलांना ओढत अंगणात कशी धावली, हे तिने आम्हा नातवंडांना इतक्या वेळा सांगितले आहे की ती थंडी मला स्वतःच सोसल्यासारखी आठवते. त्या धक्क्याने कोयना धरणाच्या भिंतीलाही भेगा पडल्या आणि पुढे काँक्रीटचे भक्कम टेकू उभारून धरण बळकट करावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला हादरा बसला, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नंतर नकाशा बदलला. २००२ सालच्या नकाशात पुणे, मुंबई आणि किल्लारी तिन्ही मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात होती. किल्लारीत पडली ती मुख्यतः दगडमातीची घरे, म्हणून काँक्रीटच्या इमारतीत राहणाऱ्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहिले. तो समज २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादने खोटा ठरवला.

मी तेव्हा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि फेब्रुवारीत आमच्या सरांबरोबर आम्ही काही विद्यार्थी अहमदाबादला गेलो होतो. भूकंपाचे केंद्र भुजजवळ, म्हणजे शहरापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही तिथल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या होत्या. त्यांत एक साम्य पुन्हा पुन्हा दिसत होते. वरचे मजले जवळजवळ अखंड, खिडक्यांची तावदाने काही ठिकाणी शाबूत, आणि तळमजल्यावरचे पार्किंग मात्र नाहीसे झालेले. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्यामुळे ते पेटीसारखे ताठ राहिले, खालच्या मजल्यावर केवळ कॉलम असल्यामुळे हलण्याचे सारे काम त्या मजल्यावर येऊन पडले, आणि ते काम पेलण्याची तयारी त्या कॉलममध्ये नव्हती. एका अर्धवट उभ्या इमारतीत सरांनी आम्हाला एका कॉलमचे टोक दाखवले. उभ्या सळया कंदिलासारख्या बाहेर फुगल्या होत्या, आतले काँक्रीट भुगा होऊन सांडले होते आणि त्या सळयांभोवती आडव्या बांधलेल्या रिंगा उघडून लोंबत होत्या. रिंगेची टोके नव्वद अंशांत नुसती वाकवलेली होती. कव्हरचे, म्हणजे सळयांच्या बाहेरचे, काँक्रीट सुटताच ती उघडली. सर एवढेच म्हणाले, "इमारत सळईने उभी राहते आणि रिंगेने टिकते." त्या दिवसानंतर मी रिंगा न मोजता कोणत्याही कॉलमजवळून पुढे गेलेले नाही.

या रिंगांचे काम समजले की कापडाचे काम आपोआप समजते. कॉलमवर वजन येते तेव्हा काँक्रीट उभ्या दिशेने दबते आणि आडवे फुगू पाहते. रिंगा त्याला कंबरपट्ट्यासारख्या आवळून धरतात, उभ्या सळयांना बाहेर वाकू देत नाहीत, आणि जमीन हलताना कॉलममध्ये जे आडवे, कात्रीसारखे कापू पाहणारे कातरबल निर्माण होते, ते तिरपी भेग पडल्यावरही वाहून नेतात. भूकंपात इमारतीने न वाकता ताठ उभे राहावे अशी अपेक्षा कोणताही अभियंता करत नाही. तिने वाकावे, भेगा पडू द्याव्यात, पण वजन खाली टाकू नये, अशी अपेक्षा असते. वाकूनही न तुटण्याच्या या गुणाला आम्ही तन्यता म्हणतो आणि काँक्रीटच्या कॉलममध्ये ती जवळजवळ संपूर्णपणे रिंगांमुळे येते.

जपानी लोक हा धडा आपल्या आधी शिकले. १९६८च्या तोकाची-ओकी भूकंपात तिथल्या काँक्रीटच्या इमारतींचे, त्यांतही शाळांचे, कॉलम कातरबलाने फुटले. १९७१ साली त्यांनी नियम बदलून कॉलमच्या टोकांजवळ रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरवर आणले आणि १९८१ साली संपूर्ण भूकंपसंहिताच नव्याने लिहिली. १७ जानेवारी १९९५च्या पहाटे कोबे हादरले आणि ६,००० हून अधिक माणसे गेली, तेव्हा काँक्रीटच्या इमारतींतला फरक स्पष्ट दिसला: १९८१नंतरच्या इमारती बहुतांशी तगल्या, जुन्यांनी मार खाल्ला. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानने जुन्या इमारतींची तपासणी व बळकटी यांना चालना देणारा कायदा केला. आपल्याकडे तन्यतेचे नियम सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ साली आले. परंतु तिसऱ्या विभागातील पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या निवासी इमारतींना ते सुरुवातीला लागू नव्हते. त्यामुळे १९९४ सालच्या त्या सोसायटीत मी आतल्या सळया शोधणारा कव्हर मीटर फिरवला आणि एका कॉलमचे प्लास्टर फोडून पाहिले, तेव्हा सहा मिलिमीटरच्या साध्या पोलादाच्या रिंगा नऊ नऊ इंचांवर सापडल्या, यात त्या वेळच्या बांधकाम करणाऱ्याने कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. त्या काळी तसेच बांधत असत.

आता बाहेरून रिंग कशी घालायची, हा प्रश्न. पूर्वापार उपाय म्हणजे काँक्रीटचे जॅकेट: जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि रिंगा बांधून चारी बाजूंनी शंभर मिलिमीटर काँक्रीट ओतायचे. उपाय उत्तम आहे. आजही अनेक ठिकाणी मी तोच सुचवते. मात्र २३० बाय ४५० चा कॉलम त्यामुळे ४३० बाय ६५० चा होतो, दर मीटर उंचीला सुमारे ४४० किलो वजन वाढते, सेंट्रिंग लागते, आणि आधीच अरुंद असलेल्या पार्किंगमधून गाड्या निघेनाशा होतात. त्याच कॉलमला कार्बन फायबरचे दोन थर गुंडाळले, तर चिकटवण्याच्या राळेसकट मीटरमागे दोन किलोच्या आसपास वजन वाढते आणि जाडी प्लास्टरमध्ये लपून जाते.

कार्बनचा एकेक तंतू माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. असे हजारो तंतू एकाच दिशेने ओढून त्यांचे कापड करतात. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या कापडात तंतूंची निव्वळ जाडी भरते ०.१६७ मिलिमीटर. हे कापड इपॉक्सी राळेत भिजवून काँक्रीटवर चिकटवले आणि राळ घट्ट झाली की जो पदार्थ तयार होतो, त्याला तंतू-प्रबलित बहुवारिक, किंवा साइटवरच्या भाषेत एफआरपी, म्हणतात. ताणात त्याचे बळ आपल्या नेहमीच्या सळईच्या सात-आठ पट असते. पण त्या बळावर भुलून चालत नाही. सळई ताणली की आधी लांबते, बराच वेळ लांबत राहते आणि मग तुटते. कार्बन मात्र दीड टक्क्याच्या आसपास लांबेपर्यंत सरळ रेषेत ताण घेतो आणि पुढे कोणतीही सूचना न देता फाटतो. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, तो ज्या काँक्रीटला चिकटला आहे ते काँक्रीटच बहुधा त्याच्या आधी सुटते. म्हणून कातरबलासाठी कॉलमला पूर्ण वेढा घालतानाही त्याचा ताण ०.४ टक्क्यांपेक्षा अधिक धरू नये, असे अमेरिकन मार्गदर्शिका सांगते. म्हणजे चारशे रुपयांच्या वस्तूतले साधारण शंभर रुपयेच हिशेबात घ्यायचे.

तरीही ते शंभर रुपये पुष्कळ होतात. त्या सोसायटीच्या कॉलमचे गणित मी सभेत फळ्यावर मांडले होते. नऊ इंचांवरच्या सहा मिलिमीटरच्या रिंगा लांब बाजूच्या दिशेने मिळून जवळपास अडीच टनांचे कातरबल घेतात. कापडाचे दोन थर, त्यांचा ताण वर सांगितल्याप्रमाणे आखडता धरूनही, पंचवीस टनांच्या आसपास घेतात. सुरक्षेचे गुणक लावल्यावर हा आकडा खाली येतो, पण तिप्पट-चौपट तरी नक्कीच राहतो. आजोबांनी पहिल्यांदा मान हलवली ती इथे. एका मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीचे कापड त्या जुन्या रिंगांपेक्षा इतके जास्त काम करते, कारण रिंग नऊ इंचांवर एक असते आणि कापड सलग असते. दोन रिंगांच्या मधली, भेग पडायला मोकळी असलेली जागाच ते शिल्लक ठेवत नाही.

या तंत्राचा उगम भूकंपात नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळ इबाख येथे एक पूल आहे. तिथे वाहतुकीचे दिवे बसवण्यासाठी भोक पाडताना काँक्रीटमधली ताणलेली केबल चुकून कापली गेली. रहदारीच्या रस्त्यावरचा पूल, कामाला मिळणारा वेळ थोडा. त्याआधी अशा ठिकाणी पोलादी पट्ट्या चिकटवीत असत. तशा लावल्या असत्या तर १७५ किलो पोलाद लागले असते. उर्स मायर आणि त्यांच्या एम्पा या संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी १९९१ साली तिथे कार्बनच्या पट्ट्या वापरल्या. त्यांचे वजन होते ६.२ किलो. जपानमध्ये त्याआधीच, १९८०च्या दशकात, काँक्रीटच्या उंच चिमण्यांभोवती कार्बन गुंडाळून पाहिला होता. मग कोबेच्या बरोबर एक वर्ष आधी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या सुमारास सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रिडर सायबल आणि नायजेल प्रीस्टली यांच्या गटाने पुलांचे खांब प्रयोगशाळेत मोठ्या आकारात उभे करून, त्यांना काचतंतू व कार्बन गुंडाळून, मागेपुढे ढकलून तोडून पाहिले. कॉलमभोवतीच्या वेढ्याचे हिशेब पुष्कळ अंशी अशा चाचण्यांतून आलेले आहेत.

मात्र त्यांतले पुष्कळ खांब गोल होते. आपले कॉलम तसे नाहीत, आणि या लेखातला मला सर्वांत कळकळीचा वाटणारा मुद्दा इथे आहे. आपल्या घरांत कॉलम भिंतीतून बाहेर डोकावलेला कोणालाच आवडत नाही, म्हणून नऊ इंची भिंतीत लपेल असा नऊ इंच रुंदीचा आणि अठरा, चोवीस, कधी तीस इंच लांबीचा कॉलम काढण्याची पद्धत महाराष्ट्रभर पडली. गोल खांबाभोवती कापड ताणले की ते सर्व बाजूंनी सारखे आवळते. लांबट चौकोनी कॉलमला मात्र ते कोपऱ्यांतच आवळते. सपाट बाजूवर कापड नुसते टेकलेले असते, कारण सपाट कापड आपल्याला लंब दिशेने कोणालाही दाबू शकत नाही. गाठोडे बांधताना चादरीची गाठ कोपऱ्यांवर आवळते आणि मधला भाग फुगलेलाच राहतो, तसे हे आहे. २३० बाय ४५० च्या कॉलमसाठी मी प्रचलित सूत्र लावते, तेव्हा वजन पेलण्याच्या बळात होणारी वाढ त्याच मापाच्या गोल खांबाच्या मानाने सातव्या हिश्श्यावर येते. लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक झाली, म्हणजे २३० बाय ६०० चा कॉलम असला, तर वेगळी चाचणी केल्याशिवाय ही वाढ हिशेबात धरूच नये, अशी सूचना आहे. म्हणून "कार्बन लावा, वर दोन मजले चढवा" असे कोणी सुचवले, तर मी त्या कागदावर सही करत नाही. कातरबलासाठी, सळया वाकू नयेत यासाठी, आणि मजल्याच्या लगेच वर आखूड लॅप देऊन, म्हणजे टोके एकमेकींशेजारी थोडीशीच चढवून, जोडलेल्या जुन्या सळया सुटू नयेत यासाठी हेच कापड लांबट कॉलमलाही उपयोगी पडते. तिथेही ते गोल खांबाइतके बिनचूक नसते. कॉलमला आधी काँक्रीट किंवा ग्राऊटने लंबगोल आकार देऊन मग गुंडाळणे, किंवा लांब बाजूच्या मध्यावर आरपार भोक पाडून त्यातून तंतूंची दोरी ओवून दोन्हीकडे पंख्यासारखी पसरवणे, असे उपाय आहेत. त्यांना मेहनत लागते, पण मोठ्या कॉलमला ती घेतली पाहिजे.

दुसरी मर्यादा याहून मोठी. कापड कॉलमला फुटू देत नाही, पण त्याला ताठ करत नाही. इतक्या पातळ थराने कॉलमचे वाकणे फारसे कमी होत नाही. मोकळ्या पार्किंगच्या इमारतीचा मूळ दोष तर हाच आहे, की खालचा मजला वरच्या मजल्यांपेक्षा कितीतरी लवचीक आहे. भुजनंतर, २००२ साली सुधारलेल्या आयएस १८९३ या मानकाने अशा मजल्यातील कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी तोलावेत असे सांगितले, ते नव्या बांधकामासाठी. जुन्या इमारतीत तिथे ताठरपणा आणायचा तर पाया व बीम यांना नीट जोडलेल्या काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरपे आधार द्यावे लागतात, आणि तेही सममितीने, कारण एकाच कोपऱ्यात भिंत घातली की इमारत पीळ घेते. कापड त्यानंतर येते: भिंतींनी हलणे कमी केल्यावर जे काही हलणे उरेल, ते कॉलमने न फुटता सोसावे म्हणून.

आणि आता त्या दरपत्रकाबद्दल. त्यात सर्व बीमच्या पोटाला कार्बनच्या पट्ट्या लावण्याचा खर्च होता आणि एकूण रकमेचा जवळजवळ निम्मा भाग तोच होता. स्लॅबवर जास्त वजन ठेवायचे असेल, तर बीमला पट्टी लावणे योग्य आहे. भूकंपासाठी मात्र ते अनेकदा उलट अपाय करते. भूकंपात कोणी आधी वाकावे, याचा क्रम ठरलेला असावा लागतो: आधी बीम, मग कॉलम. बीम वाकला तर एक खोली धोक्यात येते. कॉलम गेला तर त्याच्यावरचे सारे मजले येतात. आपल्या जुन्या इमारतींत बीम खोल आणि कॉलम अरुंद असल्यामुळे हा क्रम आधीच बिघडलेला आहे, त्यात बीम अधिक बळकट केले की आपण कॉलमला स्वतःहून पुढे ढकलतो. शिवाय ती पट्टी कॉलमच्या तोंडाशी संपते; आणि भूकंपात बीमला सर्वांत जास्त वाकवणारी जागा नेमकी तीच असते. मी समितीला तो संपूर्ण भाग वगळायला सांगितले. कंत्राटदाराचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. बळकटी म्हणजे सगळीकडे बळ वाढवणे, असा एक सरसकट समज आहे आणि तो आम्हा अभियंत्यांतही आढळतो.

बीम आणि कॉलम जिथे मिळतात, तो सांधा हे या तंत्राचे अवघड ठिकाण. जुन्या बांधकामात सांध्याच्या आत रिंगा जवळजवळ नसतातच आणि चारी बाजूंनी बीम व वरून स्लॅब असल्यामुळे तिथे वेढा घालता येत नाही. इटलीत ६ एप्रिल २००९ च्या लाक्विलाच्या भूकंपात ३०० हून अधिक लोक दगावले. त्यानंतर तिथल्या काँक्रीटच्या इमारतींची दुरुस्ती करताना बाहेरच्या बाजूच्या सांध्यांना तंतूंचे कापड अनेक दिशांनी लावून, बीम आणि कॉलमच्या टोकांवर वेढे देऊन बांधून घेण्याची पद्धत पुष्कळ वापरली गेली. बाहेरचे सांधेच आधी फुटतात, आणि तिथवर परांची बांधून बाहेरूनच पोचता येत असल्याने घरातली माणसे हलवावी लागत नाहीत. तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीत, १९९९च्या भूकंपानंतरच्या काळात, पोकळ विटांच्या भिंतींवर कार्बनचे पट्टे कोपऱ्याकोपऱ्यांत तिरपे लावून आणि चौकटीला घट्ट अडकवून त्या भिंतींकडूनच आधाराचे काम करून घेण्याचे प्रयोग झाले. माणसे घरात राहत असताना करता येईल असा उपाय शोधणे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. कारण आपल्याकडेही बहुतेक सोसायट्यांचे काम घर सोडायचे कुठे, या एका प्रश्नापाशी अडते.

मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक सावधगिरी. गंजलेल्या सळईवर कापड गुंडाळू नका. खारी हवा आणि पावसाळ्याची ओल यांमुळे सळई गंजते, गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि कव्हर फोडतो. अशा कॉलमवर वरवर प्लास्टर करून त्यावर कार्बन लावला, तर आतला गंज चालूच राहतो आणि दिसेनासा होतो. आधी सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, सळई घासून स्वच्छ करायची, गरज पडल्यास नवी सळई द्यायची, दुरुस्तीचे काँक्रीट भरायचे, आणि मगच कापड. कार्बन वीजवाहक असल्यामुळे तो उघड्या पोलादाला भिडला तर गंज आणखी वाढतो, म्हणून तशा जागी आधी काचतंतूचा एक थर देतात. शिवाय मूळ काँक्रीटच कमकुवत असेल तर कापड कशाला धरणार? आम्ही काँक्रीटच्या पृष्ठभागावर लोखंडी चकती चिकटवून ती यंत्राने ओढून काढतो. चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटन ताण येण्याच्या आत ती काँक्रीटसकट निघून आली, तर चिकटपणावर विसंबणाऱ्या कामासाठी ते काँक्रीट अपुरे समजतात. सोसायटीत तपासलेल्या पाच जागांपैकी एका जागी ती लवकर निघाली. त्या कॉलमचे कव्हर पूर्ण काढून नवे भरावे लागले.

काम पाहायला गेलात तर काय पाहावे, हेही सांगते. कॉलमवरचे प्लास्टर पूर्ण निघालेले असावे आणि ग्रायंडरने खालचे दगड दिसेपर्यंत पृष्ठभाग घासलेला असावा. कोपऱ्यांची धार मारून निदान वीस मिलिमीटर त्रिज्येचा गोलावा आणलेला असावा. धारदार कोपऱ्यावर तंतू तुटतात, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते. मग प्रायमर, खड्डे भरण्यासाठी इपॉक्सी पुट्टी, त्यावर राळ, कापड, पुन्हा राळ, आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत तंतूंच्या दिशेने फिरणारा रोलर. तंतू कॉलमभोवती आडवे हवेत. एका ठिकाणी मी ते उभे लावलेले पाहिले आहेत, आणि तसा वेढा कॉलमला आवळण्याच्या कामी येत नाही. कापडाचे टोक पहिल्या टोकावर दीडशे ते दोनशे मिलिमीटर चढलेले असावे. राळ वाळल्यावर नाण्याने टकटक करत सगळीकडे फिरावे; पोकळ आवाज आला तिथे खूण करावी आणि ती जागा राळ भरून दुरुस्त करून घ्यावी. भर पावसाळ्यात हे काम सुरू करू नये, ओलसर काँक्रीट राळेला धरत नाही.

आगीचा प्रश्न सभेत एका तरुण बाईंनी विचारला आणि तो योग्यच होता. साइटवर वाळणारी इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणजे आगीत कापडाचे बळ गेले असेच धरावे लागते. म्हणूनच इमारतीचे रोजचे वजन कापडावर कधीही टाकू नये. भूकंपासाठी गुंडाळलेल्या वेढ्याला नेहमीच्या दिवसांत काही काम नसते; काँक्रीट फुगू लागेल तेव्हाच तो जागा होतो. त्यामुळे आग लागली तरी त्याच्या जाण्याने इमारत पडत नाही, मात्र विझल्यानंतर तो तपासून बदलावा लागतो.

सोसायटीने शेवटी असे ठरवले: पार्किंगच्या चारही बाजूंना, गाड्यांच्या वाटा सोडून, पायासकट काँक्रीटच्या चार आखूड भिंती, सोळाही कॉलमना पार्किंगच्या पूर्ण उंचीत दोन थर, पहिल्या मजल्यावर फक्त कडेच्या कॉलमना टोकांशी एक थर, बीमना काहीही नाही. बीमचे पैसे वाचले ते भिंतींच्या पायात गेले. आजोबांनी दुसऱ्या दिवशी खरोखरच धनादेश दिला. दिवाळीनंतर काम सुरू झाले आणि जानेवारीअखेर संपले. राळेचा शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू मारून घेतली, म्हणजे वरचे प्लास्टर धरेल, आणि मग कॉलम पूर्वीसारखेच दिसू लागले.

पूर्वीसारखे दिसतात, हीच मला आता काळजी आहे. वर्षा-दोन वर्षांत कोणीतरी केबल टाकायला, पाण्याचा पाइप बसवायला किंवा सायकलचे हूक लावायला येईल आणि प्लास्टरमधून सरळ ड्रिल घालेल; इबाखच्या पुलावर दिवे बसवणाऱ्यांनाही आत काय आहे ते दिसत नव्हते. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक कॉलमवर डोळ्यांच्या उंचीला मी एक लहान पत्रा लावून घेतला आहे. त्यावर कॉलमचा क्रमांक, थरांची संख्या, तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ आहे: या कॉलमला भोक पाडू नये.